चित्रातला कोरा गाल

आखाजीनंतरच्या मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता माझी मुलगी वारली. ती दहा महिन्यांची होती. शनिवारी तिला ताप आला, रविवारी झटके आले, सोमवारी तिने डोळे उघडले नाहीत. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला. मी दवाखान्यात पाण्याची बाटली भरायला खाली गेले होते. वर आले तेव्हा माझे वडील खोलीच्या दारात उभे होते.

हे जळगावला झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी जातात, म्हणून मी धुळ्याहून तिला घेऊन गेले होते. माहेरच्या अंगणात कडुनिंबाला झोका बांधलेला होता. तो नंतर कोणीतरी सोडला. कोणी आणि कधी, ते मला आठवत नाही.

इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. पुरुष माणसं गेली आणि दीड तासात परत आली. दहावं नसतं, तेरावं नसतं. पुढे काय करायचं ते मी आईला विचारलं. ती म्हणाली, "काही नसतं गं." चौथ्या दिवशी मी नवऱ्याबरोबर बसने धुळ्याला निघाले. पारोळ्याला गाडी थांबली. नवऱ्याने विचारलं, "चहा घेणार?" मी हो म्हटलं. चहात साखर जास्त होती, हे मला कळलं. एवढंच कळत होतं त्या दिवसांत. साखर जास्त आहे, पंखा बंद आहे, नळाला पाणी आलं आहे.

मी धुळ्यात देवपूरला एका चित्रकला महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कॉलेज लहान आहे. पुस्तकंही फार नाहीत, पण चित्रांची मोठी, जाड पुस्तकं बरी आहेत. कोणे एके काळी एका व्यापारी कुटुंबाने ती देणगी दिली होती. त्यांत युरोपातल्या अकॅडमिक शैलीच्या चित्रकारांवरचे पाच-सहा ग्रंथ आहेत. अकॅडमिक म्हणजे शाळेत बसून, समोर माणूस बसवून, हाड-मांस-प्रकाश यांचा हिशोब करत काढलेलं, खऱ्यासारखं दिसणारं चित्र. त्या पुस्तकांत आई आणि मूल फार. शेतात बसलेली आई, पाळण्यावर वाकलेली आई, मुलाला अंघोळ घालणारी आई. मुलांचे गाल गुलाबी, टपोरे, स्वच्छ. लग्नाआधीपासून मी ही पानं उलटत आले आहे. मला ती आवडायची. आमचे विद्यार्थी त्या पुस्तकांना हसत. "मॅडम, यांच्या पोरांना कधी सर्दी होत नाही का?" असं एकाने एकदा विचारलं होतं.

रंगकाम शिकवणारे आमचे सर त्याच शैलीत तयार झालेले. आयुष्यभर त्यांनी दिवंगत शेठजींची आणि संस्थाचालकांची व्यक्तिचित्रं केली, बहुतेक फोटोवरून. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा त्यांच्या मनात आलं की एकदा आई आणि मूल समोर बसवून काढावं, विद्यार्थ्यांदेखत, प्रात्यक्षिक म्हणून. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. एक दिवस ते ग्रंथालयात आले, टेबलाशी उभे राहिले आणि पुस्तक परत करायला आल्यासारखं म्हणाले, "मॅडम, बाळाला घेऊन बसाल का?"

मी घरी सांगितलं. नवरा शाळेत शिक्षक आहे, तो म्हणाला, बस की. सासूबाई मात्र भाकरी थापता थापता थांबल्या. त्यांना घरात आणि गल्लीत सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणते. त्या पारोळ्याकडच्या खेड्यातल्या. मुलगी झाल्यापासून आमच्याकडेच होत्या.

"वरीसना आत पोरना फोटू काढतस नही," त्या म्हणाल्या. "नजर लागस."

"फोटो नाही अक्का, चित्र आहे."

"मंग तं आजून वाईट. फोटू म्हंजे एक घडीनं काम. हाऊ मानूस तं म्हयनाभर देखी."

नवरा हसला. मीही हसले. खरं म्हणजे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. चित्रकार महिनाभर बघतो, हे त्यांनी एका वाक्यात ओळखलं होतं. आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ते वर्षभरात कळत नाही.

शेवटी त्या तयार झाल्या, पण एक अट घातली. "तीट पुसानी नही." मुलीच्या गालावर त्या रोज सकाळी काजळाचा टिपका लावत. काजळ त्यांनी स्वतः धरलेलं असे, तुपाच्या दिव्यावर उलटी वाटी ठेवून. अक्का डावखुऱ्या आहेत. जेवायला वाढताना उजवा हात वापरतात, बाकी सगळं डाव्याने. डाव्या हाताची तर्जनी वाटीत फिरवायच्या आणि मुलीच्या गालाला लावायच्या. मी म्हटलं, "नाही पुसणार."

पहिल्याच बैठकीला सरांनी ब्रश खाली ठेवला. खोलीला उत्तरेची खिडकी आहे, प्रकाश तिथून येतो. मुलीचा उजवा गाल खिडकीकडे होता. सर म्हणाले, "तो डाग तेवढा पुसता येईल का? बरोब्बर तिथेच प्रकाश वळतोय. उजेडातून सावलीत कातडीचा रंग कसा जातो तेच तर मुलांना दाखवायचंय."

"सर, तीट आहे ती."

"अहो, कळतं मला. माझ्या आईने मला दहावीपर्यंत लावली."

सगळे हसले. मी पर्समधून खोबरेल तेलाची लहान बाटली काढली, रुमालाला लावलं आणि पुसलं. गाल लालसर झाला. सर म्हणाले, "वा."

त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर दुकानातून काजळाची डबी घेतली आणि मुलीला परत टिपका लावून घरी गेले. नंतर ती डबी ग्रंथालयाच्या ड्रॉवरमध्ये, तारखेच्या शिक्क्याशेजारी राहू लागली. बैठकीआधी पुसायचं, बैठकीनंतर लावायचं. असं किती वेळा झालं ते मी मोजलेलं नाही. वीस-बावीस वेळा झालं असेल. मी शिकलेली आहे. नजर लागते यावर माझा विश्वास नाही. अक्कांचं मन दुखवायचं नव्हतं, म्हणून मी लपवत होते. तेव्हा मला हे फार समजूतदारपणाचं वाटत होतं.

बैठका चांगल्या चालल्या. मी लिहिणार असेन तर हेही लिहायला हवं. मुलगी पंधरा मिनिटांच्या वर स्थिर राहत नसे. सरांच्या ब्रशकडे हात करायची. विद्यार्थी तिच्यासाठी खुळखुळे वाजवत. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मॉडेलला शी झाली!" तेव्हा सर आम्ही बसायचो त्या चौथऱ्यापासून चार पावलं मागे गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "ब्रेक." कॉलेजच्या शिपाई मावशी दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, "सर, पोरगी पायावर चालायला लागेल, मग पूर्ण होईल तुमचं चित्र." सर म्हणायचे, "म्हणून तर तिला आधी काढतो. मॅडम कुठे जातायत?"

तसंच केलं त्यांनी. मूल रोज बदलतं म्हणून मुलीचा चेहरा आधी पूर्ण केला. मग तिचे हात, पाय, अंगावरचं पिवळं झबलं. माझ्या साडीचे घोळ काढून झाले. माझ्या चेहऱ्याच्या आणि हातांच्या जागी नुसता मातकट तपकिरी रंग लावून ठेवला होता. "तुमचं सुट्टीनंतर करू," ते म्हणाले. मग आखाजी आली.

जूनमध्ये कॉलेज उघडलं, मी कामावर गेले. सर भेटायला आले होते मे महिन्यातच, अर्धा तास बसून गेले होते. अक्का घरात कामापुरतं बोलत. भाजी कोणती, दूध आलं का, दार लावून घे. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की मी सांगत होते. त्यांनी म्हटलं असतं तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर देताना ड्रॉवरमधली डबी सांगावी लागली असती. मी रोज वाट पाहत होते. त्या म्हणत नव्हत्या.

एक दिवस दुपारी मी स्टुडिओत गेले. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. मी तो फिरवला. मुलीचा चेहरा तिथे होता. मोबाइलमध्ये तिचे दोन-तीनशे फोटो आहेत, ते मी उघडू शकत नव्हते. हे मात्र बघू शकले. ती जरा वर बघत होती, तोंड किंचित उघडं. ती जिकडे बघत होती तिथे तपकिरी रंग होता. मी बराच वेळ उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

सरांना जाऊन म्हटलं, "चित्र पूर्ण करा."

"मॅडम, राहू द्या ते."

"ती कोणाकडे तरी बघतेय, सर. तिथे कोणी नाही."

त्यांनी ब्रशची बरणी बाजूला सरकवली. मग म्हणाले की मांडीवर वजन असल्याशिवाय हातांची ठेवण येणार नाही. खांदा उतरतो, मनगटाच्या शिरा ताणतात, ते खोटं काढता येत नाही. उशी चालणार नाही. धान्याची पिशवी चालेल. हे सांगताना ते जमिनीकडे बघत होते.

मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. आठ किलो चारशे ग्रॅम ज्वारी मागितली. दुकानदार आम्हाला ओळखतो, त्याचे आजोबा राजस्थानातून आले. तो तराजूवरून म्हणाला, "भाभी, आठच घ्या ना, नाहीतर साडेआठ. हे चारशे कशाला मध्येच?" मी म्हटलं, "चारशेच." लसीच्या कार्डावर शेवटचं वजन तेवढं होतं. तो काही विचारायला गेला आणि थांबला. मग फार काळजीपूर्वक, मूठमूठ घालत त्याने वजन केलं.

ती पिशवी मी पिवळ्या झबल्याच्या रंगाच्या कापडात गुंडाळली आणि मांडीवर घेतली. सर म्हणाले, "मान थोडी खाली. हं. राहू द्या." मी पिशवीच्या शिवणीकडे बघत बसले. शिवणीचे टाके वेडेवाकडे होते. एका जागी दोरा सुटला होता. विद्यार्थी आवाज करत नव्हते. पंखा फिरत होता. टर्पेंटाइनचा वास येत होता. एक मुलगी उठून बाहेर गेली आणि त्या दिवशी परत आली नाही. मला काही वाटत नव्हतं. हात जड झाले होते, एवढंच.

आमच्या एका जाड पुस्तकाच्या शेवटी टिपा आहेत. मी त्या पूर्वी वाचल्या होत्या. त्यांत लिहिलंय की चित्रातली आई बहुतेक वेळा आई नसायची. तासावर येणारी बाई असायची, मूल दुसऱ्याच कोणाचं असायचं, दोघं कधीकधी एकाच दिवशी यायचीही नाहीत. चित्रकार दोन वेगळ्या दिवसांचे तुकडे जोडायचा. ते वाचून तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. त्या बायका मांडीवर काय घेऊन बसत असतील, याचा मी पिशवी घेऊन बसल्यावर विचार केला. टिपांत ते दिलेलं नाही.

अकरा बैठकांत चित्र झालं. शेवटच्या दिवशी विद्यार्थी गेल्यावर सर ब्रश पुसत म्हणाले, "मॅडम, गालावरची ती... लावून देऊ का? आता प्रकाशाचं काय, सगळ्यांनी बघून झालंय."

हे मला सुचलं नव्हतं. एक टिपका. प्रदर्शन दिवाळीआधी होतं. चित्रात तीट असली असती तर अक्का आल्या असत्या, बघितलं असतं आणि मी दिलेला शब्द पाळला असं त्यांना वाटलं असतं. त्यांना कधीच कळलं नसतं. मी सरांकडे दोन दिवस मागितले. दोन दिवस मी पुस्तकांना क्रमांक घातले, पाठीला चिकटपट्टी लावली, आणि तिसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, "नको. पुसलेलीच राहू द्या. मी पुसली होती."

प्रदर्शनाच्या दिवशी नवऱ्याने यायचं टाळलं. शाळेत परीक्षा आहे म्हणाला. परीक्षा होती, पण त्याला सुट्टी मिळाली असती. मी निघाले तेव्हा अक्का नऊवारीचा पदर सारखा करून दारात आल्या. "मी बी येसू."

आम्ही चालत गेलो. कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर आहे. दालनाच्या मधोमध समई ठेवलेली होती. पाहुण्यांनी वात पेटवली, भाषण केलं. आमच्या चित्रापुढे थांबून पाहुणे माइकमध्ये म्हणाले, "आईच्या डोळ्यांतलं हे वात्सल्य बघा." टाळ्या पडल्या. मी कागदी प्लेटमध्ये वेफर्स घेऊन उभी होते. चित्रातली बाई खाली बघत होती. ती नजर माझीच होती, सरांनी काही बदललं नव्हतं. ती शिवणीकडे बघत होती. मी कोणाला काही सांगितलं नाही.

पाहुणे चहाला गेल्यावर अक्का चित्राजवळ गेल्या. डोळ्यांवर हाताचा आडोसा केला, जणू ऊन आहे. मुलीचं तोंड बघितलं. मग गाल बघितला. फार वेळ बघितला. मी चार पावलांवर होते आणि मला वाटत होतं, आता.

"गाल कोरा शे," त्या म्हणाल्या.

मग वळल्या, समईपाशी गेल्या, वातीच्या वरच्या पितळेवर धरलेली काजळी डाव्या हाताच्या बोटाने टिपली, आणि कोणाला काही कळायच्या आत चित्राच्या गालावर बोट ठेवलं.

"आजी! हात नका लावू!" दोन-तीन विद्यार्थी एकदम ओरडले. व्हार्निश आदल्या दिवशीच दिलेलं होतं, अजून चिकट होतं. काजळी पक्की बसली. एक मुलगा फडकं घेऊन धावला. सर चहाचा कप घेऊन दारातून आत येत होते. त्यांनी बघितलं. दुसरा हात वर केला आणि म्हणाले, "राहू द्या. पुसू नका."

अक्का बोट पदराला पुसून माझ्याजवळ आल्या. "चाल घर."

परत येताना अर्ध्या वाटेवर एक बंद दुकान आहे, त्याच्या पायरीवर त्या बसल्या. मीही बसले. 

"कोनी पुसी व्हती?" त्यांनी विचारलं.

"मी."

"दर खेपले?"

"दर वेळेला. मग परत लावायचे मी. ड्रॉवरमध्ये डबी ठेवली होती."

त्यांनी मान हलवली. समोरून सायकली गेल्या, भाजीची गाडी गेली. मग म्हणाल्या, "माले ठाऊक व्हतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. मे महिन्यानंतर पहिल्यांदा बघितलं. त्यांनी डावा हात पुढे करून बोट दाखवलं. "मी डावखोरी. मनी तीट पोरना उजवा गालले. सांजले पोर घर ये, तं तीट डावा गालले."

उजव्या हाताने समोरच्या मुलाला तीट लावली की ती त्याच्या डाव्या गालाला लागते. इतकं साधं होतं. मी इतक्या वेळा लावली, आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नाही.

"मग बोलल्या का नाही अक्का?"

"पोर हासत ये." त्या म्हणाल्या. "मी म्हनं, जाऊ दे. मी बी बोलनू नही."

म्हणजे त्याही तेव्हापासून तेच मनात धरून होत्या. मी धरून होते मी पुसली म्हणून, आणि त्या, त्यांनी पुसू दिली म्हणून. मी त्यांना म्हणू शकले असते की मेंदूज्वराचा आणि काजळाचा काही संबंध नाही. ते खरं आहे. मी ते म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "हां, डाक्टर बी तेच सांगे." मग आम्ही उठलो. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मी हात दिला.

याला आता एक वर्ष होत आलं. आखाजीला मी माहेरी गेले नाही. अक्का आणि मी एकमेकींशी बोलतो, फार नाही. चित्र ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर आहे आणि उजव्या गालावर बोटाएवढी काजळी आहे. काजळाची डबी ड्रॉवरमध्ये आहे. ज्वारीची पिशवी घरी आणली, ती फडताळात आहे. कीड लागू नये म्हणून अक्का महिन्यातून एकदा ती ज्वारी गच्चीवर उन्हात पसरतात आणि संध्याकाळी परत भरतात. दळायला दिलेली नाही.